शेवटचा सामना आणि शेवटची आगबोट

पडाव खडकाशी आडवा झाला आणि माणसं पाण्यात सांडली, तेव्हा मी आईच्या शेजारी बंदरावर उभी होते. फेसात वर येणाऱ्या काळ्या डोक्यांकडे डोळे फाडून बघत आई एकच डोकं शोधत होती. माझ्या भावाचं. वडीलही त्याच पाण्यात होते. त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मी दहा वर्षांची होते, पण एवढं मला तेव्हाच कळलं.

दादा मुंबईला एका गिरणीच्या संघात हॉकी खेळायचा. गिरणीत त्याचं नाव फक्त हजेरीला; खेळणं हेच काम, त्याचाच पगार. आमच्या वाडीला हे काही पटत नसे. शेजारची गोदाकाकी कुंपणावरून म्हणायची, "आमचो झील काठयेन ढोरांका मारता, तुजो झील बॉलाक मारता. तुज्याक पगार, आमच्याक शिव्यो!" आई हसायची आणि दिवसभर भांडी आपटायची.

दिवाळी सरली की आम्ही पत्रकाची वाट बघायचो. येत्या हंगामाचे सगळे सामने, कुठल्या तारखेला कुठल्या संघाशी, असा छापलेला पातळ कागद दादा पाकिटातून पाठवी. भात झोडून झालेलं असे, अंगणभर पेंढ्याचा कोरडा वास, माडांमधून उतरणारा पहिला गार वारा, आणि आई हातातलं काम टाकून पोस्टमनच्या पाणंदीकडे बघत उभी... कागदाला शाईचा आणि कसल्याशा तेलाचा वास येई. मला तो मुंबईचाच वास वाटे. घरात वाचता येणारी मी एकटी, चौथीतली. मी एकेक सामना वाचायची आणि आई दर सामन्याला एक चिंचोका करवंटीत टाकायची. मग थंडी जाऊन काजू पिकेपर्यंत, पुढे अंगणात आमसुलं वाळायला पडेपर्यंत, त्या त्या तारखेला मी "आज खेळ" म्हटलं की एक चिंचोका बाहेर. करवंटी रिकामी झाली की दादा आगबोटीने घरी. पावसाळ्यात आगबोट बंद, आणि पाऊस संपला की त्यांचा सराव सुरू, मग रजा नाही. म्हणजे शेवटची आगबोट चुकली की वर्ष चुकलं. आदल्या वर्षी ती चुकली होती.

त्या वैशाखात बंदरावर आगबोटीच्या शेवटच्या फेऱ्यांचा फळा लागला. मी तो वाचला आणि घरी येऊन पत्रकाशी ताडून पाहिला. दादाचा शेवटचा सामना आणि मुंबईहून सुटणारी शेवटची आगबोट, दोन्ही एकाच दिवशी.

वडील पडावाचे तांडेल होते. आगबोट खडकांपलीकडे खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना किनाऱ्याला आणायचं काम पडावांचं. ते म्हणाले, "खेळांदे त्याका. फुडल्या वर्सा येतलो."

"दोन वर्सां झाली, त्याचा तोंड बघूक नाय मी," आई म्हणाली आणि मला घेऊन देवळात गेली.

आमच्याकडे अडलेला प्रश्न देवीला विचारतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने विचारलं, माझा झील शेवटच्या बोटीने घरी पोचेल का? डावी पडली. "परत लाव," आई म्हणाली. परत डावी.

"वैनी, देवीन सांगल्यान."

"परत लाव म्हटलंय मा!"

तिसऱ्यांदा उजवी पडली. बाहेर ऊन रणरणत होतं, गाभाऱ्यात तेलाचा आणि कोमेजल्या फुलांचा वास कोंडला होता, आणि ओली पाकळी सुकली की पडते, कुठलीही. हे मी आज म्हणते. त्या दिवशी मी घरी येऊन पत्र लिहिलं, देवीचा कौल उजवा आहे, तू सामना सोडून ये. अक्षर चांगलं आलं होतं.

तो सामना सोडून निघाला.

आगबोट दिसली त्या सकाळी दक्षिणेचा वारा सुटला होता. पाणी मातकट, खडकांवर लाटा फुटून पार बंदरापर्यंत तुषार येत होते. बाकीच्या पडाववाल्यांनी दोर सोडलेच नाहीत. "तांडेलानु, जाव नकात," त्यांनी वडिलांना सांगितलं. वडील समुद्राकडे बघत उभे राहिले. ते गेलेही नसते कदाचित. आई म्हणाली, "देवीन उजवो दिलेलो आसा. जावा तुमी."

ते गेले. जाताना पडाव नीट गेला. येताना...

बाराव्याच्या दिवशी गुरव आला, ओटीवर टेकला. आईने त्याला देवीबद्दल वाईटसाईट ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, कौल खोटो नाय. झिलाचा इचारलंस, झील इलो. घोवाचा खंय इचारलंस?"

नवऱ्याचं आईने विचारलंच नव्हतं. त्यानंतर ती देवळात गेली नाही. करवंटीत एक चिंचोका राहिला होता, दादाने न खेळलेल्या सामन्याचा. तो तिने परसात फेकला. तिथे चिंच वगैरे काही उगवली नाही.

दादा परत मुंबईला गेला, आणखी सात वर्षं खेळला. दर दिवाळीनंतर पत्रक येत राहिलं. तोच पातळ कागद, तोच वास. मी शेवटच्या तारखेपर्यंत वाचायची, आई तांदूळ निवडत ऐकायची. करवंटी तिने पुन्हा काढली नाही, आणि तो कधी येणार हेही विचारलं नाही. तो आला की त्याला जेवायला वाढायची आणि आत जायची.

पडावात सहा माणसं होती. माझे वडील आणि वालावलचं एक म्हातारं जोडपं बुडालं. दोन खलाशी वाचले. दादा वाचला.