पार्टी मिळत नाही

"नंबर ऱ्हाऊ द्या. मानूस कोन पायजे ते सांगा."

श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या आमच्या बाई हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायच्या. वास्तविक ऑपरेटरनं विचारायचं ते 'नंबर प्लीज'. ट्रेनिंगमध्ये ते आमच्याकडून घोटवून घेतलेलं होतं. बाईंनी ते कधी वापरल्याचं मला तरी आठवत नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. डायल फिरवायचे फोन आमच्याकडे आले नव्हते. कुणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडायची. आम्ही दोरीचं एक टोक त्याच्या भोकात खोचायचं, नंबर विचारायचा आणि दुसरं टोक त्या नंबरात खोचायचं. मी नवा होतो, तेवीस वर्षांचा, आणि नियमाच्या बाबतीत जरा जास्तच शहाणा. बाई मला म्हणायच्या, "भिताडाशी बोलायला कोन फोन करतं व्हय? मानूस जिथं आसंल तिथं घंटी वाजली पायजे."

आणि ती वाजायची. डॉक्टर बाहेर पडताना फोन उचलून सांगत, "बाई, बेलापूरला चाललो." मग त्यांच्यासाठी आलेला फोन बाई परस्पर बेलापूरच्या पोस्टात लावत आणि तिथला शिपाई डॉक्टरांना गाठे. कोण कुणाच्या दुकानात बसलंय, कोण आज परगावी आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही.

कधी पंचाईतही होई. कापसाचे एक व्यापारी घरी 'पुणतांब्याला जातो' सांगून निघाले आणि थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत पत्ते कुटत बसले. त्यांच्या मंडळींनी पुणतांब्याचा कॉल मागितला. बाईंनी तो सरळ थिएटरात जोडला. दुसऱ्या दिवशी व्यापारी तक्रार घेऊन हजर. बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनींनी मानूस मागितला, मी मानूस दिला."

त्यांना स्वतःला मात्र कधी कुणाचा फोन येत नसे. नवरा खात्यातच लाइनमन होता, तो खांबावरून पडून गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. मूलबाळ नाही. स्टेशनामागं एक खोली होती, तिथं त्या झोपण्यापुरत्या जात. सुट्टीच्या दिवशीही दुपारी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरी कोन बोलतंय? हितं दुसऱ्याचं तर दुसऱ्याचं, बोलनं तरी चालू आसतं."

एकदा त्या तापानं दोन दिवस आल्या नाहीत. बोर्डावर मी एकटा. दुपारी लाइनवर नागपूरची ऑपरेटर आली. कॉल तिच्याही पलीकडून कुठून तरी आला होता. पी.पी. कॉल, म्हणजे अमुकच माणूस आला तर बोलायचं, नाही तर नाही.

"नंबर नाहीये," ती म्हणाली. "गोदावरी दगडू, एवढंच नाव आहे. फोन करणारी पार्टी म्हणते, तुमच्याकडे नंबर नसला तरी माणूस शोधून देतात."

मी डिरेक्टरी चाळली. खाली पोस्टात विचारून आलो. गोदावरी कुणाला माहीत नव्हती. लाइनवर मागून एका पुरुषाचा पुसट आवाज येत होता, "तिकडंच दिलीया तिला…" मी कंटाळलो होतो, चार झडपा खोळंबल्या होत्या. "पार्टी मिळत नाही," असं ठसक्यात सांगून मी दोरी काढली. येणाऱ्या कॉलची नोंद आम्ही ठेवत नसू.

बाई आल्यावर मी हसत सांगितलं, "तुमची कीर्ती नागपूरच्याही पुढं गेली. कुणी गोदावरी दगडू म्हणून शोधत होतं."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. एक झडप पडली, दुसरी पडली. त्यांनी एकही उचलली नाही.

"माजंच नाव ते," त्या म्हणाल्या. "म्हायेरचं."

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात. हजेरीपटावर, पगारपत्रकात होतं ते हे नवं नाव. या नावानं शोधणारा त्यांचा भाऊच असणार; तो त्यांच्या लग्नाआधीच बापाशी भांडून घरातून, पुणतांब्याहून, निघून गेला होता. बहिणीला श्रीरामपुरात दिल्याचं त्याला कुठून तरी कळलं असावं, नवं नाव कळलं नव्हतं.

"बाप गेला ते बी ठावं न्हाई त्याला," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुजं काय चुकलं? मी तरी कुनाला सांगितलं हुतं का?" आणि थोड्या वेळानं, "आवाज कसा हुता रं?"

मी "खणखणीत होता" म्हणालो. खरं तर मी नीट ऐकलाच नव्हता. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढं कित्येक महिने बोर्ड जरा मोकळा झाला की बाई नागपूर धरत. तिथल्या मुली पाळीपाळीनं बदलायच्या. कुठल्या गावचा कॉल होता, एकीलाही सांगता येईना.

मग बाईंची नगरला बदली झाली. जाताना त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून बोर्डाशेजारी चिकटवलं. 'गोदावरी दगडू असा कॉल आल्यास नगर एक्सचेंजला जोडणे. केव्हाही.'

त्यानंतर रोज संध्याकाळी नगरच्या लाइनवर त्या यायच्या. काही विचारायच्या नाहीत. मीच म्हणायचो, "नाही, बाई." मग त्या दोरी काढत.

वर्षभरानं एकदा दोन संध्याकाळी ती लाइन आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी नगरला विचारलं. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, बाई परवा गेल्या, दवाखान्यात कुणीच नव्हतं जवळ. मी हेडफोन काढून ठेवला आणि बोर्डासमोर बसून रडलो.

चिठ्ठी मी काढली नाही. त्याचा कॉल कधीही आला असता. तो आता कुठं जोडायचा, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.