माया पोरीनं बरोबर लिहिलं होतं

हे मी मायच्या कानातबी टाकलं नाही अजून. नवऱ्याले तर नाहीच नाही. देवापुढं उभी राह्यते, हात जोडते, दुसरंच काही मागते अन् मागं फिरते — देवाले माईत असन तर असन, माया तोंडून त्याले समजलं नाही. तुमाले सांगून राह्यली, काहून का तुमी मले ओळखत नाही. ओळखत असते तर हे तोंड उघडलं असतं काय मी?

आधी रागाचं सांगू द्या. लय राग भरला हाय. इंग्रजीचा राग, शाळेचा राग, मामाचा तर असा राग का समोर आला तर ताट आपटाव वाटते. मले पाहाले आले तवा आमी अकोल्याले मावशीच्या घरी होतो. मी चहाचा ट्रे धरून उभी. सासूबाईनं इचारलं — त्या मास्तरीन होत्या, आता रिटायर झाल्या — "किती शिकलीस गं?" मी तोंड उघडाच्या आत मामा म्हने, "बारावी झाली ना बाई! इंग्लिश तर असं फाडफाड!"

बारावी! तेल्हाऱ्याच्या शाळेत दहावीलेच इंग्रजीनं मले दोनदा पाडलं. मंग बाबा म्हने बस झालं, अन् मी शेवंती तोडाले लागली. पन त्या दिवशी मी खाली मान घालून उभी राह्यली. हो म्हनली नाही, नाहीबी म्हनली नाही. ते खोटं मामाचं होतं, मायं नव्हतं — असं मी सोताले इतके वर्स सांगत आली. आज मामाचं सांगाले बसली नाही मी. आज मायं हाय.

कसं सांगू? 

आमी अमरावतीले राह्यतो. तन्वीचे, म्हंजे माया पोरीचे पप्पा कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली हायेत. घरात सगळे शिकेल. सासूबाई येता-जाता म्हनतात, "आमच्या घरात कमी शिकलेलं कोणी नाही, आणि खोटं बोललेलं मला चालत नाही." दोनी गोष्टी एकाच दमात म्हनतात. मी तशीच पोळी लाटत राह्यते. माईत पडलं तर? एस्टीत बसवून तेल्हाऱ्याले सोडून देतीन — ते मी सोसलं असतं. पन पोरगी? पोरीले इथंच ठेवून घेतीन ना. हे एकच भेव. लग्नापासून नाही, ती पोटात आली तवापासून.

तन्वी इंग्लिश शाळेत गेली तवा सासूबाई म्हने, "तुझं इंग्लिश चांगलं आहे, तूच घे तिचा अभ्यास." घ्या! मी स्वयपाकघरात फोन लपवून एकेक शब्द पाहाची अन् बाहीर येऊन सांगाची. ए बी सी निंगालं, कॅट-रॅट निंगालं, तिसरीबी कशीतरी निंगाली. चौथीत ते आलं — शब्दाच्या आगं तुकडा चिकटवा नाहीतर मागं चिकटवा, अन् तो शब्द मानूस कसा हाय, वस्तू कशी हाय ते सांगाले लागते. हॅप्पीच्या आगं अन लावा, का दुःखी. केअरच्या मागं लेस लावा, का बेपर्वा. ठीक हाय, इतकं फोननं सांगतलं मले.

पन त्या दिवशी फोन पप्पाजवळ होता. दुपारची वेळ, सासूबाई बाजूच्या खोलीत टीव्हीवर कीर्तन लावून बसेल, दार उघडं. मायं अन् तन्वीचं बोलनं त्यायले ऐकू येत नव्हतं, पन दिसत सगळं होतं. अन् मी मास्तरीनीच्या सुनेसारखी पाठ सरळ करून बसली.

पॉसिबल होतं. शक्य. त्याचं अशक्य कराचं. तन्वीनं आधीच पेन्सिलीनं इम्पॉसिबल लिहून ठेवेल. मले वाटलं चुकली. अन लावाचं तर हे इम कुठून आनलं इनं? मी म्हनली, खोड, अनपॉसिबल लिही. ते लेकरू सावकाश म्हने, "मम्मी, मॅडमनं इम्पॉसिबल सांगितलं."

सावकाश म्हने. समजलं काय तुमाले? तिनं आधी आजीच्या दाराकडं पाह्यलं, अन् मंग आवाज बारीक केला. तिले माईत होतं! आपल्या मायले येत नाही हे त्या एवढ्याशा पोट्टीले माईत होतं, अन् ती मले झाकून राह्यली होती. माया अंगाची आग झाली. तिनं मोठ्यानं म्हनलं असतं तर कमी राग आला असता. मी खोडरबर घेतलं अन् माया हातानं तिचं बरोबर उत्तर खोडलं. पान फाटस्तोवर. मंग मागं तुकडा लावाचे शब्दबी — डेंजरचं तिनं डेंजरस केलं होतं, ते खोडून मी डेंजरफुल केलं. ब्युटीफुल होते तर डेंजरफुल काहून नाही होनार? म्हनली, "मायापेक्षा जास्त समजते काय तुले? परीक्षेतबी हेच लिहजो."

इंग्रजीवर आता फनफन करून काय होते? पन करते. एका 'नाही'साठी इतके तुकडे कशाले पाह्यजे? मंग वाटते, आपल्यात काय कमी हाय? बेइमान म्हनतो, नालायक म्हनतो, बिनकामाचा म्हनतो. बेलायक कोनी म्हनत नाही, नाइमान कोनी म्हनत नाही. कोनी शिकवलं? माय दिवसभर शिव्या देत होती, त्यातून आलं. तन्वीलेबी तसंच आलं असन वर्गात, ऐकून ऐकून. तिचा कान बरोबर होता. मीच तो मुरगाळला.

अजूनबी ते सांगतलं नाही मी जे सांगाचं होतं. हे तर येडेपन झालं. येडेपनाची माफी असते.

परीक्षेत तिनं मायं लिहिलं. बरोबर येत असून मायं लिहिलं. शाळेत पालकायची मीटिंग होती, सासूबाई हौसेनं संगं आल्या, जरीची साडी नेसून. मॅडमनं पेपर पुढं केला. म्हने, "तन्वी, क्लासमध्ये तर तू करेक्ट सांगत होतीस बेटा. हे कोणी शिकवलं तुला?"

तन्वी म्हने, "मम्मीनं."

काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. इचारलं ते सांगतलं. मॅडमनं मायाकडं पाह्यलं. सासूबाईनं मान वळवली — सावकाश, अशी का मले त्यायच्या कानातलं हललेलं दिसलं. अन् मी काय केलं?

मी हसली.

हसली अन् म्हनली, "कुठलं वो मॅडम! आजकाल लय खोटं बोलाले लागली ही. अभ्यासाले बसतच नाही, अन् चुकलं का मायं नाव सांगते." तन्वी मायाकडं पाहतच राह्यली. मंग म्हने, "नाही मॅडम, खरंच मम्मीनंच..." पुरं होऊ दिलं नाही मी. थापड मारली. सगळ्यायसमोर. दुसऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या, त्यायची पोट्टी पाहून राह्यली होती. मॅडम म्हने, "असू द्या, असू द्या." सासूबाई म्हने, "असू द्या काय? खोटं बोलणारं आमच्याकडे कोणी नव्हतं."

हे केलं मी. दुसऱ्या कोनं नाही केलं. मामा नव्हता तठी.

अन् सांगू काय, सगळ्यायनं मायावर इश्वास ठेवला! याचाच राग जास्त येते मले. एकानं तरी म्हनाचं होतं का लेकरू खोटं कशाले बोलन? मास्तरकीत जिंदगी गेली तुमची सासूबाई, लेकराचं तोंड वाचता येत नाही? पप्पा रातच्याले जेवता जेवता म्हने, "लहान आहे, सुधरन." सुधरन! त्यायले काय म्हनू मी? माया शब्दाले त्या घरात इतकी किंमत कधीच नव्हती. पोरीले इकून घेतली मी ती.

तवापासून सासूबाई तिले खोटारडी म्हनतात. लाडानंबी म्हनतात, रागानंबी म्हनतात. "ए खोटारडे, जेवायला चल." नळ चालू राह्यला, खोटारडे तूच ना? फ्रीजमधलं श्रीखंड संपलं, खोटारडे तूच ना? आधी ती रडाची, नाही नाही म्हनाची, देवाची शपथ घ्याची. मंग रडनं बंद झालं. मंग नाही म्हननंबी बंद झालं. अभ्यास सोताच करते आता. मायाजवळ आनत नाही. मार्क चांगले आनते. मी समोर असते, ऐकत असते, भाजी निवडत असते.

गेल्या आठवड्यातलं सांगते, मंग बस.

दिवानावर धुतलेल्या कपड्यायचा ढीग होता. मी घडी कराले बसली अन् खाली करकन आवाज आला. सासूबाईचा चष्मा. काडी तुटली, एक काच निंगाली. मी तो उचलून टेबलावर ठेवला, जसा कोनाचाच हात लागला नाही. तन्वी तठीच बसून चित्र रंगवून राह्यली होती. तिनं पाह्यलं. सासूबाई आल्या, चष्मा पाह्यला, मायाकडं पाह्यलंबी नाही त्यायनं, सरळ तिच्याकडं पाह्यलं. "कोणी तोडला?"

मी तोंड उघडनारच होती. नाही — हेबी खोटं. नव्हती उघडनार.

तन्वी म्हने, "मी, आजी. चुकून बसली त्याच्यावर."

 सासूबाईचा चेहरा असा नरम झाला, असा, का मी इतक्या वर्सात पाह्यला नव्हता. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास," म्हने, "आज खरं बोललीस. मला किती बरं वाटलं बाळा. तुटू दे चष्मा." अन् आत जाऊन डब्यातून तिळाची वडी आनून तिच्या हातावर ठेवली.

तन्वीनं वडी मोडली. आजीची पाठ फिरली तशी अर्धी मायासमोर धरली. तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

अन् मी घेतली. खाल्ली.