सिरोंच्याला नेलेला अर्धा फादर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीत माझ्या मेसच्या पोरांसाठी कणीक मळत होते. ती अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत रडत होती. कळलं ते एवढं: माझ्या दादाच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात, वरंगलच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आहे, परवा सकाळी जीप निघणार, आणि दादा म्हणतो मी जात नाही. आधी फादर आणा, पापस्वीकार करतो, मग माझी छाती फाडा.

आम्ही आजोबांपासून कॅथलिक. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्यात माणूस फादरसमोर बसून आपली पापं सांगतो, फादर देवाच्या नावानं माफी देतो आणि ऐकलेलं मरेपर्यंत कोणाला सांगत नाही. दादानं कितीक वर्षांत हे केलं नव्हतं. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, यायचा, मागच्या बाकावर बसायचा, पण मोठं पाप सांगितल्याशिवाय घेता येत नाही त्या परमप्रसादाला उठायचा नाही. विचारलं की गुरकायचा. आता नेमका अडून बसला. त्यांच्याकडचे, सिरोंच्याचे फादर आई आजारी म्हणून केरळला गेलेले. म्हणजे फादर न्यायचं काम माझ्याकडं.

सिरोंच्याला हौसेनं फार कोणी जात नाही, पण जाणार असाल तर ब्रह्मपुरीहून पहिली बस धरा. वैनगंगेचा पूल, आरमोरी, गडचिरोली. बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. गडचिरोलीच्या स्टँडवर तर्रीपोहे मिळतात, झणझणीत आहेत. मी उभ्यानंच खाल्ले आणि ऑटो करून मिशनच्या आवारात गेले.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मोठे फादर गावांच्या दौऱ्यावर आहेत, दोन दिवसांनी येतील. लीजो आहेत, त्यांना विचारा."

लीजो अंगणात झाडांना पाणी घालत होता. पांढरा झगा, पातळ दाढी, केरळचा पोरगा. मी म्हटलं, "भाऊ लय आजारी हाय सिरोंच्याले. चला."

"प्रार्थनेसाठी ना? परमप्रसादही घेतो. पण ताई, मी अजून..."

"घ्या जे घ्याचं ते. गाडी सुटंल."

त्यानं गळ्यातल्या पिशवीत परमप्रसादाची छोटी गोल डबी ठेवली आणि माझ्यामागं धावत आला. ऑटोत पुन्हा काहीतरी सांगायला लागला, तेव्हा मी ऑटोवाल्यावर ओरडत होते.

सिरोंच्याच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "मला फादर म्हणू नका ताई, लीजो म्हणा."

केवढा नम्र पोरगा, असं वाटलं. मी फादरच म्हणत राहिले.

चामोर्शीचा आठवडी बाजार होता, म्हणून बस कोंबड्या, वांगी आणि माणसांनी फुगलेली. आमच्या शेजारी एक म्हातारा टोपलीत दोन कोंबडे घेऊन बसला होता. मला नुसतं बसवत नाही. मी लीजोला विचारलं, "किती वर्सं शिकले तुमी?"

"दहाच्या आसपास."

"दहा वर्सं?" म्हातारा वळला. "तेवढ्यात वकील होते माणूस. आमच्या गावच्या पुजाऱ्याले त्याच्या बापानं शिकवलं. पुस्तक नाई, परीक्षा नाई. काय शिकवते गा एवढं?"

लीजो पुस्तकातल्या मराठीत बोलतो, पण सरळ बोलतो. "ईशज्ञान. म्हणजे देव आधी स्वतःची ओळख देतो, त्याला प्रकटीकरण म्हणतात. आपण त्याला हो म्हणतो, ती श्रद्धा. आणि हो म्हटलेलं डोक्यानं समजून घेणं, ते ईशज्ञान."

"हो म्हणून टाकल्यावर मंग कशाले समजाचं?" मी म्हटलं.

"लग्नाला हो म्हटल्यावरच नवरा समजून घ्यावा लागतो ना?"

सगळी बस हसली. मीही हसले. मग त्यानं शाखा सांगितल्या. एकात पवित्र शास्त्र कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं ते. एकात श्रद्धेचे सिद्धांत: देव एक असून पिता, पुत्र, पवित्र आत्मा कसा, येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस कसा. एकात नीती, काय बरोबर नि काय पाप. एकात उपासना आणि सात संस्कार. शिवाय ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, इतिहास आणि कायदा. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला समजलं. लहानपणी धर्मशिक्षणाला आम्हाला नुसतं पाठ करायला लावायचे आणि चुकलं की छडी.

"यातलं कठीण काय?" मी विचारलं.

"कृपा. देव देतो ती. कमवता येत नाही, आपण मागायच्या आधी दिलेली असते. परीक्षेत लिहायला सोपं, मानायला कठीण."

"फुकट भेटते म्हणता?" म्हातारा म्हणाला. "मंग थोडी ह्या कोंबड्यावर टाका ना. बाजारात भाव त भेटंल."

लीजोनं खरंच कोंबड्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. म्हातारा चामोर्शीला खूश होऊन उतरला.

आष्टीनंतर जंगल लागतं. आलापल्लीला जेवून घ्या, पुढं भरवसा नाही. भात, वरण, वांग्याची भाजी, पोट भरून. त्यापुढचा रस्ता खराब आहे. सागाची झाडं छान आहेत म्हणतात सगळे. मी पाहिली नाहीत. दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले होते. मोबाईलची रेंज जाते, म्हणून घरी सांगायचं ते आलापल्लीतच सांगून घ्या. मला वहिनीला विचारायचं होतं की दादा जिवंत आहे ना, आणि फोन मेलेला. लीजो जपमाळ धरून शांत बसला होता. त्या शांतपणाचाच मला राग येत होता.

दिवे लागायच्या सुमारास पोचलो. दादा खाटेवर बसून होता, ओठ निळसर. लीजोचा झगा पाहिला आणि म्हणाला, "बाहेर व्हा समदे."

मी नि वहिनी ओट्यावर आलो. बसलोही नाही तोच दार उघडलं. लीजो घामानं भिजलेला.

"ताई, यांना पापस्वीकार करायचा आहे."

"मंग? कशाले आणलं तुमाले?"

"मी तो ऐकू शकत नाही. मी डीकन आहे. फादर होण्याच्या आधीची पायरी. मी सुवार्ता वाचतो, प्रवचन करतो, परमप्रसाद देतो. पापांची माफी आणि आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल फक्त फादर देऊ शकतात."

"झगा त तोच हाय!"

"झगा तोच आहे."

आतून दादा ओरडला, "अर्धाच आणला का व?"

मी लीजोला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तीनदा सांगायला गेलो. तुम्ही म्हणालात गाडी सुटेल." ते खरं होतं. म्हणून मी आणखी चिडले.

"मोठ्या फादरले व्हिडिओ कॉल लावा," मी म्हटलं. "चेहरा दिसते, आवाज येते. माह्या पुतण्यासाठी पोरगी पाह्यली त्याच्यावर."

"चालत नाही, ताई. संस्कारात पाणी खरं लागतं, तेल खरं लागतं, माणूस माणसासमोर लागतो. आपल्याला शरीर आहे, म्हणून देव हाताला लागेल अशा गोष्टींतून येतो."

मग तो आत जाऊन दादाच्या खाटेशी जमिनीवर बसला. मी दारात. म्हणाला, "दादा, देवावरच्या प्रेमानं मनापासून पश्चात्ताप केलात आणि फादर मिळताच सांगायचं ठरवलंत, तर देव आत्ताच माफ करतो. ही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे, माझी नाही."

दादानं मान हलवली. "असंल. पण मले कानानं आइकाचं हाय, माफ केलं म्हणून. एवढी वर्सं मनातल्या मनात त करूनच राह्यलो." मग वहिनीकडं पाहून म्हणाला, "जीपवाल्याले नाई म्हण."

वहिनीनं भाताचं पातेलं खाली आपटलं. "डॉक्टर बोलला, आता नाई तो कभी नाई. मरतो म्हण सीधा!"

लीजो फोन घेऊन रेंज शोधत नदीकडं गेला. आम्ही झिंग्याचं आंबट कालवण नि भात वाढला. दादा जेवला नाही, आणि मी जेवले याची मला लाज वाटली नाही, दिवसभर दांडा धरला होता. बऱ्याच वेळानं लीजो परत आला. त्याच्यासोबत शिकलेला कोणीतरी तेलंगणाचा होता, त्याच्या ओळखीतले एक फादर भूपालपल्लीकडं असतात, त्यांना गाठलं होतं. वरंगलच्या रस्त्यावरच सकाळी भेटणार.

"पूर्ण हाय ना?" मी विचारलं.

"पूर्ण. विचारून घेतलं. तेलुगू आहेत, मराठी येत नाही."

दादा पहिल्यांदा थोडा हलला. "तेलुगू बरी. झालं तेबी तेलुगूतच झालं होतं."

काय झालं होतं, असं मी विचारलं, तर तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

सकाळी जीपनं गोदावरीचा पूल ओलांडला. धुकं होतं, पाणी दिसलं नाही. पुढं एका पेट्रोल पंपाजवळ फादर मोटरसायकलवर थांबले होते, शर्ट-पँटमध्ये. पिशवीतून जांभळी पट्टी काढून गळ्यात घातली, तेलाची बाटली काढली आणि जीपमध्ये दादाशेजारी बसले. आम्ही सगळे खाली. लीजो नि ड्रायव्हर चहा पीत होते. मी पंपापासून टपरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. काचेतून दादाची खाली घातलेली मान दिसत होती. एकदा त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मग फादरचा हात त्याच्या डोक्यावर गेला.

दादा खाली उतरला आणि म्हणाला, "इडली भेटते का इथी?" लीजोनं त्याला परमप्रसाद दिला, मग इडली. त्या टपरीची शेंगदाण्याची चटणी चांगली आहे. लीजो तिथूनच उलट्या बसनं परतला. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही, पण त्याचं तिकीट काढून दिलं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी दादाच्या पलंगाशी बसले होते, वहिनी औषधाला गेलेली. दादा हळू म्हणाला, "फादरनं सांगतलं, जिचं वाईट केलं तिले जमलं त सोता सांग."

मी म्हटलं, "मंग सांग ना. कोणाले?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मला समजलं.

"तुह्या लग्नाच्या आधी..." त्यानं सुरू केलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब. माफ केलं."

"आइकून त घे."

"टाके हालतील. माफ केलं म्हणलं ना तुले."

तो रडला. नर्सनं येऊन तेलुगूत आम्हा दोघांना झापलं.

परत यायला वरंगलहून रेल्वेनं या. बल्लारशा, चंद्रपूर, मग मूल-सिंदेवाहीवरून ब्रह्मपुरी. हाडं शाबूत राहतात. पण सिरोंच्याचा रस्ता एकदा तरी करा, नुसती सागाची झाडं पाहायला, जी मी पाहिली नाहीत.

घरी आल्यावर लीजोला फोन केला. "मी काहीच न आइकता माफ केलं. हे चालते का तुमच्या ईशज्ञानात?"

"चालतं, ताई. तुमच्यावर झालेलं माफ करायला डीकन-फादर व्हावं लागत नाही."

बोलायला सोपं आहे. इथं पोळ्या लाटताना, दादा काय सांगणार होता असेल, ते मला एकेक आठवतं. नदीकाठचा शेताचा तुकडा, जो अचानक विकला गेला. माफ. आईच्या पायातले चांदीचे वाळे. माफ. मग सिरोंच्याकडचे ते तेलुगू मास्तर, माझ्या लग्नाच्या आधी दोनदा घरी चहाला आले होते, माझ्याशी नीट बोलले होते, आणि पुन्हा कधी आले नाहीत. तिथं लाटणं थांबतं, तव्यावरची पोळी करपते, पोरं ओरडतात.

दादाचा रोज संध्याकाळी फोन येतो. आधी तब्येत सांगतो. मग थोडा थांबून विचारतो, "आता सांगू का?"

मी म्हणते, "जेवला का गा?"