अक्कांचा न चाखलेला पाक

मैलूरच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याचं सरबत ज्यांच्या पाकावर चालायचं, त्या अक्का स्वतः त्याचा थेंबही जिभेवर ठेवत नसत. मधुमेह निघाल्यापासून त्यांनी गोड सोडलं होतं. कुणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "माझ्या अंगात हाय तेवढी साखर बस झाली."

साखर, साखरेच्या निम्मं पाणी, ठेचलेलं आलं आणि वेलदोडे. पाक उकळू लागला की त्या एक थेंब अंगठ्यावर घेऊन बोट टेकवून बघायच्या. बोट चिकटलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. लगेच हात धुवायच्या, नकळत बोट तोंडात जाऊ नये म्हणून. शेवटी अर्धं लिंबू पिळायचं. त्यानं पाकाची परत साखर होत नाही.

चाखायला मला बोलवायच्या. त्या बसवण्णांना मानणाऱ्या घरातल्या, आम्ही बौद्ध. पण मला हाक कन्नडमधली, धाकट्या भावाला मारतात ती, 'तम्मा'. मी चांगलं आहे म्हटलं की चिडायच्या. "गोड हाय ते मलाबी ठावं हाय. काय कमी हाय ते सांग. कामून गप बसलास?" मग मी सांगायचो, आलं कमी, वेलदोडे जास्त. माझ्या या स्वभावापायी नातेवाईक दुरावलेत. अक्कांना मात्र तोच हवा होता.

त्यांच्या घरी उन्हातून आलेल्याला आधी साधं पाणी आणि मग पाकाचं, हा नियम होता. पोस्टमन असो की जावई. ताप उतरलेल्या पोरांना त्यातलाच चमचाभर कोमट पाण्यातून मिळे. आणि गल्लीत भीमजयंतीला आमची सरबताची टेबलं लागत, नंतर बसवजयंतीला त्यांची. दोन्हीकडचा पाक एकाच पातेल्यातला. "पातेलं एकच हाय माझ्याकडं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

एका वर्षी पाक झाला तेव्हा मी औरादला शेताच्या कामाला गेलो होतो. बाकीच्यांनी चाखला. सगळे म्हणाले, मस्त. भीमजयंतीच्या सकाळी मी परतलो, तर अक्कांच्या ओट्यावर बाटल्या मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी साखरेचे खडे. शेजारणी समजूत घालत होत्या, "उन्हानं झालं असंल, अक्का."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "तू बोल, तम्मा."

"लिंबू विसरलात तुम्ही," मी म्हणालो.

शेजारणींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच बाटल्या फोडल्या. अक्का पदरानं हात पुसत राहिल्या. "व्हय. हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई. आता बंद करते हे. ह्या वर्षी बाजारातनं आणा."

बाजारातल्या बाटल्या आणणं सोपं होतं. पण पुढच्या वर्षी ते पातेलं मग निघालंच नसतं, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "लिंबू विसरलं, अक्का. हात न्हाई विसरला. परत चढवा."

अक्कांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेव. घाई केलीस तर काच तडकंल."

खडे सुटले, पाक पातेल्यात गेला, वर पाणी पडलं. अंगठ्यावर थेंब घेऊन त्यांनी बोट टेकवलं तेव्हा मी लिंबू कापून हातातच धरून उभा होतो. "देतोस, का पूजा करायलास त्याची?" त्या म्हणाल्या. दुपारी टेबलावर पहिला पेला गेला तेव्हा ओट्यावर त्या स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर दर वर्षी लिंबू सांभाळायचं काम माझं.

गेल्या पावसाळ्यात लेकीनं त्यांना कलबुर्गीला नेलं. जाताना पातेलं आमच्या दारात ठेवून गेल्या.

यंदा आम्हीच पाक केला. बायकोला चाखायला दिला आणि अक्कांना फोन लावला.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"आलं कमी म्हणते ही. वर मलाच म्हणते, तुमच्या हाताला घाईच फार."

पलीकडून अक्का मनापासून हसल्या. "मग जमतंय बघ. खरं बोलणारं माणूस घरातच हाय की. लिंबू पिळलंस?"

लिंबू माझ्या हातातच होतं. फोन खांद्यानं कानाशी धरून मी ते पिळलं.