अण्णाची पकड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा अण्णाच्या शोकसभेत माईक धरून मी डोळे पुसले ना — तेव्हापासून मला माझीच किळस येतेय.

अण्णा म्हणजे पाटोद्याचा पहिला गिर्यारोहक, माझा जिवलग. आमच्याकडं कड्यावर लोक हरवलेली शेळी शोधायला चढायचे. हा नुसताच चढायचा! बाहेरचं सामान परवडेना, तर ट्रॅक्टरच्या भंगारातून त्यानं दोरावरून उतरायची 'पकड' बनवली. हात सुटला तरी माणूस जागच्या जागी थांबायचा. पुण्याचे गडी ती बघायला यायचे. आणि अशा माणसाचं मी काय केलं?

पकड कमरेच्या पट्ट्याला कडीनं अडकवायची, कडीचा आटा फिरवून बंद करायचा. उतरणाऱ्यानं विचारायचं, "कडी?" जोडीदारानं हातानं ओढून बघायची, मगच म्हणायचं, "बंद." हा अण्णाचा नियम. आणि कड्यावर तंबाखू न्हाई म्हंजे न्हाई.

त्या दिवशी पालीजवळच्या कड्यावरून अण्णाचा भाचा संतोष उतरणार होता. लग्न ठरलेला गडी. अण्णा खाली उभा. संतोषनं विचारलं, "कडी?" मी — माझ्या तळहातावर तंबाखू होती. चुना नुकताच लावलेला. टाकून द्यायचं जिवावर आलं. मान वर न करताच म्हणालो, "बंद."

तो पडला. अण्णा गाडी आणायला रस्त्याकडं पळाला. पकड वरच होती, दोराला घट्ट धरून बसलेली! ती सोडवून मी खिशात घातली, पायवाटेनं खाली आलो. संतोष बेशुद्ध. अण्णा परतल्यावर ती त्याच्या हातात दिली. म्हणालो, "घसरली, अण्णा. आत्ताच पट्ट्यावरून काढली." थू!

संतोष वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. लग्न मोडलं. अण्णाची बहीण, आमची ताई, भाऊबीजेला यायची बंद झाली.

अण्णा पुन्हा कड्यावर गेला नाही. दारातल्या लिंबाला दोर बांधायचा, पकडीला वाळूचं पोतं लटकवायचा आणि सोडून द्यायचा. पोतं थांबायचं. दर वेळी थांबायचं. वर्षानुवर्षं हाच उद्योग — आणि पोतं उचलू लागायला कोण? मीच. तो माझ्याकडं बघून विचारायचा, "मग तवाच का घसरली असंल रं?" मी म्हणायचो, "लोखंड हलकं असंल."

ते शोधतच गेला तो.

परवा ताई पहिल्या रांगेत बसली होती. मी माईकवर म्हणालो — अण्णाच्या हातून एक चूक झाली, ती आपण पोटात घालू. लोकांनी माना डोलावल्या. ताईनं डोळ्यांना पदर लावला.

पकड घसरली नव्हती. कडी मी बघितलीच नव्हती.