हिरवा पडलेला पिरोजा: पारशिवनी ते इतवारी

नागपूरला खडे बघायला निघालेल्यांनी माझा एक सल्ला ऐकावा: पोट भरून जा आणि दुकानदाराच्या गोष्टी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी आणि धाकटी बहीण कुंदा पारशिवनीहून गेलो होतो, आईच्या अंगठीसाठी. बाबांनी पहिल्या पगारातून तिला पिरोजा घेऊन दिला होता. रंग बदलला की घरच्या माणसावर संकट, हे दुकानदाराचं पालुपद त्याबरोबर फुकट मिळालं होतं. बाबा टायफॉइडनं गेले आणि आईनं बोटाकडं पाहिलं, तर निळा खडा हिरवा. "मले आधी दिसलंच नाही," एवढंच ती म्हणत राहिली. अंगठी डाळीच्या डब्यात गेली. मी शाळेत विज्ञान शिकवायची. "आजार बाबाले झाला, दगडाले नाही," असं तिला ठणकावून सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी कुंदानं ठरवलं, नवा निळा खडा बसवून आणू, म्हणजे आईचा जीव थाऱ्यावर येईल.

एसटीत दोन तास धूळ खाल्ली, कोणाची तरी कोंबड्यांची टोपली माझ्या पायावर. स्टँडवर तर्री-पोहे. कुंदाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी बाईसाहेब म्हणत होत्या, मस्त आहे.

आधी सदर बाजारात गेलो, कारण कुंदाला काचेचं दार असलेलं दुकान हवं होतं. आत पिरोजाचे तुकडे चिकटवलेला मोर, पेटी, सुरई, अगदी राखदाणीसुद्धा. जिच्यात विडी विझवायची तिलाही नटवून ठेवलेलं. सेल्समननं अंगठी पाहून मान हलवली.

"संकट येऊन गेलं ना, ताई? खड्यानं सांगितलं होतं. आता मोठा घ्या."

मी उठले. कुंदा मागून धावत आली. "तुले काहून एवढा राग येते वं?"

"त्याले संकट आधी कळते म्हणे. मंग डॉक्टर काहून नाही झाला?"

मग इतवारी, जुना बाजार. तिथं सायकलरिक्षा तोंडाशीच सोडा. पुढे हातगाड्या तुम्हाला ढकलत नेतात, पायांना काम नाही. एका बोळात म्हातारा कारागीर बसला होता, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं खडा उजेडात धरला.

"घरी तेलाचा घाणा आहे काय, बाई?"

"नाही. काहून?"

"मंग यानं एवढं तेल कुठं पेलं? पिरोजा तेल पिते अन् हिरवा पडते. असली आहे, म्हणून पेला."

मी भांडायच्या तयारीत होते. कुंदा हळूच म्हणाली, "ताई, आपल्या वेण्या."

शाळेची सगळी वर्षं आई रोज सकाळी आम्हा दोघींच्या डोक्यावर तेल थापायची. अंगठी तिनं कधीच काढली नाही.

म्हाताऱ्यानं कोंदण उघडून खडा उलटा केला. जिथं तेल पोचलं नव्हतं ती पाठ निळी होती, बारीक काळ्या रेघांची, डोळे हलेनात इतकी सुंदर. सदरच्या त्या मोरात असा निळा कुठंच नव्हता. मला लाज वाटली. दगड हिरवा का झाला, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना सुचलाच नव्हता. आईला हसण्यातच माझा वेळ गेला होता.

"नवा बसवू?" त्यानं विचारलं.

"नको. हाच पुडीत बांधून द्या."

घरी आईसमोर पुडी उघडली. "काय दाखवून राहिल्या वं?" म्हणत तिनं खडा घेतला. कुंदानं सगळं सांगितलं. आई खडा उलटा करायची, पुन्हा सुलटा. मग म्हणाली, "म्हणजे माह्यं काही चुकलं नव्हतं." आणि ती रडली, बाबा गेल्यावर रडली नव्हती तशी.

आठ दिवसांनी खडा परत बसवून आणला. कोणती बाजू वर, असं निघताना विचारलं तर आई म्हणाली, "हिरवी."

ती अंगठी आता माझ्या बोटात आहे, कितीतरी वर्षं झाली. खडा आईनं दिला तेव्हा होता तेवढाच हिरवा आहे. माझ्या मुलीच्या डोक्याला मी कधी तेल लावलं नाही. ते मला वेळेचा अपव्यय वाटायचं.