कड्यातून निसटलेला शिंपला

माझ्या बायकोचा हात लहानपणापासूनच जड. गोटी हिसकावली म्हणून तिनं सख्ख्या थोरल्या भावाचा दात पाडला होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याच भावानं मला बाजूला घेऊन तोंडातली ती फट दाखवली आणि म्हणाला, दाजी, अजून वेळ गेलेली नाही. मी ते हसण्यावारी नेलं.

ती समुद्राच्या तळावरचे शिंपले मोजायची. बोट सरकारी, सुकाणूवर मी. लोखंडी पिंजरा दोराला बांधून तळावरून फरफटत न्यायचा, वर ओढायचा आणि आलेला एकेक शिंपला मापाच्या कड्यातून घालून पाहायचा. कड्यातून निसटला तो लहान, तो परत पाण्यात. पिंजरा कुठं टाकायचा ते चिठ्ठ्या काढून ठरायचं, म्हणजे कुणी आपल्या सोयीची जागा दाखवायला नको. पुढच्या हंगामात किती शिंपले काढायचे, की काढायचेच नाहीत, ते या मोजणीवर ठरायचं.

आणि शिंपले काढणाऱ्यांचा म्होरक्या कोण, तर तिचा हाच दादा. अंगानं रेडा, तोंडानं त्याहून वाईट. त्या वर्षी चिठ्ठीतल्या प्रत्येक जागी पिंजरा जवळजवळ रिकामा आला. तळ बंद होणार, अशी धक्क्यावर कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तीन बोटींनी आम्हाला भर समुद्रात घेरलं. मी भोंग्याकडे हात नेला, तेवढ्यात कुणीतरी वल्ह्यानं माझं तोंड फोडलं. मेहुणा उडी मारून आमच्या बोटीवर आला. हातात दोर कापायचा सुरा होता.

"चिठ्ठ्या गेल्या खड्ड्यात," तो बहिणीला म्हणाला. "मी दाखवतो तिथं टाक."

सुरा माझ्या गळ्याला लागल्यावर तिनं पिंजरा टाकला. वर आला तो तट्ट भरून. तिन्ही बोटींवर आरोळी उठली. मेहुण्यानं ओंजळभर मिटलेले शिंपले तिच्या तोंडासमोर धरले आणि हे लिही म्हणाला.

तिनं त्यातला एक घेऊन लोखंडावर आपटला. आत काळा चिखल. दुसऱ्यातही चिखल. मग तोच पिसाळल्यासारखा शिंपले फोडत सुटला, टाचेनं, मुठीनं, बोटं कापून रक्त गळायला लागलं तरी. जिवंत एकही नव्हता. सगळे केव्हाच मेलेले, गाळ भरून मिटून पडलेले.

"तरी भरलेला लिही," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चिरकला होता. "दोन पोरी आहेत माझ्या. त्यांना काय घालू खायला?"

"दादा, मी चिखल मोजत नाही."

त्यानं तिचा उजवा हात ओढून अवजारांच्या पेटीच्या काठावर धरला आणि लोखंडी झाकण आदळलं. पुन्हा आदळलं. हाडं मोडल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. त्याच्या मागोमाग बोटीवर चढलेल्या दोघांनी मला दाबून धरलं होतं, नाहीतर त्या दिवशी मी त्याचा जीव घेतला असता. ती किंचाळत खाली बसली, डाव्या हातानं पेन्सिल उचलली आणि खरा आकडा लिहिला.

तळ बंद झाला. मेहुणा तुरुंगात गेला, सुटला आणि एका गोदामात पोती वाहू लागला. तोवर त्याच्या पोरी आमच्याकडेच जेवत होत्या. बायको त्यांना आग्रह करकरून वाढायची, पण त्यांच्या बापाचं नाव घरात काढू द्यायची नाही. तिची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

काही वर्षांनी चिठ्ठीच्या जागी पिंजरा जिवंत शिंपल्यांनी जड येऊ लागला. मर्यादा घालून तळ उघडला. पहिल्याच दिवशी मेहुणा भरली टोपली घेऊन धक्क्यावर तिच्यापुढे येऊन उभा राहिला. ती वाकड्या बोटांनी एकेक शिंपला कड्यातून घालू लागली. एक निसटला. तिनं तो उचलला आणि डाव्या हातानं असा भिरकावला की त्याची भुवई फुटली.

रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं. त्याचे हात केवढे आहेत ते मला ठाऊक होतं, म्हणून मी दोघांच्या मध्ये जायला निघालो. तो वाकला, चाचपडून तो शिंपला शोधला, कडेला जाऊन पाण्यात सोडला. मग परत येऊन टोपलीसमोर उकिडवा बसला.

"हं," तो म्हणाला. "पुढचा घाल."